उपाशी पट्टी

अपेक्षा दडसनं ज्या ज्या प्राध्यापकांना मेल पाठवले, त्यांतल्या बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. जी आली ती न आलेली बरी, अशी होती. एका सरांनी ‘सध्या रजेवर आहे’ एवढंच कळवलं. एका मॅडमनी नुसतं ‘नोटेड’ लिहिलं. त्या एका शब्दावर अपेक्षा कितीतरी दिवस आशा धरून बसली होती. शेवटी वर्गातल्या मैत्रिणीनं सांगितलं, “अगं, याचा अर्थ नाही असा असतो.” तेव्हा तिनं तो मेल पुन्हा उघडून बघितला. आता तिलाही तो ‘नाही’सारखाच दिसायला लागला.

गोष्ट तशी साधी होती. विद्यापीठाच्या साताऱ्यातल्या केंद्रात उन्हाळ्याच्या सुटीत विज्ञानाच्या मुलांना संशोधनाची इंटर्नशिप मिळायची. प्रयोगशाळेत बसून एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली खरं काम करायचं. ज्याचं काम बरं होईल, त्याला पुढं तिथंच एमेस्सीला जागा आणि शिष्यवृत्ती. अट एकच होती. केंद्रातल्या कुणातरी प्राध्यापकानं ‘या विद्यार्थ्याला मी मार्गदर्शन करीन’ असं लेखी द्यायला हवं. ते संमतिपत्र जोडल्याशिवाय संगणकावरचा अर्ज पुढं सरकतच नव्हता. आता प्राध्यापक अनोळखी मुलीला असं लिहून कशाला देतील? ज्यांच्या घरी रविवारी एखादे सर चहाला येतात, त्या मुलांना ही अट अट वाटत नव्हती. अपेक्षाच्या घरी कुणी चहाला येत नव्हतं, कारण तिचं घर वर्षातले आठ महिने घोड्याच्या पाठीवर असायचं.

ती मूळची माण तालुक्यातली, मेंढपाळाची मुलगी. सांगलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कुपवाडला मावशीकडं राहत होती. मावशी, सुलाबाई, तिथल्या एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. जीव लावणारी बाई, पण स्वप्नं बघायची तिला सवय नव्हती.

“फोरमनला सांगून ठिवलंय बग,” ती भाकरी थापता थापता म्हणायची. “बाळासो चांगला माणूस हाय. परीक्षा झाली की ये म्हणलाय. पाकिटं तपासायचं काम. बसून हाय.”

“मावशी, मी अजून प्रयत्न करतेय ना.”

“कर की. न्हाई कोण म्हणतंय? पर त्यो काय जलमभर जागा धरून बसणार न्हाई.”

आणि पुढच्या वर्षी प्रयत्न करू म्हणावं तर तेही नव्हतं. इंटर्नशिप कॉलेजात शिकणाऱ्यांनाच होती. परीक्षा संपली की अपेक्षा कॉलेजची राहणार नव्हती. यंदा झालं तर झालं.

सगळ्यात शेवटचा मेल तिनं कंटाळून लिहिला. आधीच्या मेलांत ‘आदरणीय’ होतं, ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली’ होतं. या वेळी तिला ते सगळं लिहायचा वीट आला. तिनं लिहिलं : माझे वडील मेंढपाळ आहेत. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यानं जमीन सुधारते असं सगळे म्हणतात. त्या मातीत जिवाणू किती वाढतात, ते मला मोजायचं आहे. मेंढरं आमच्याकडे आहेत. प्रयोगशाळा नाही.

पाठवल्यावर तिला लाज वाटली. असं कुणी लिहितं का? पण पाठवलेला मेल परत घेता येत नाही.

याच मेलचं उत्तर आलं, आणि तेही फोनवर. अपेक्षा तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली लेथ मशीनचा आवाज चालला होता.

“अपेक्षा दडस का? मी माया वाघमारे बोलतेय, साताऱ्याहून.”

अपेक्षाच्या हातातलं ओलं फडकं खाली पडलं. “हो मॅडम.”

“मेंढरं खरंच आहेत, की मेल उठून दिसावा म्हणून लिहिलंस?”

“आहेत मॅडम. सध्या फलटणकडं आहेत.”

“बरं. मागं कसला आवाज येतोय?”

“कुपवाड आहे मॅडम. कारखाने आहेत.”

“माहीत आहे मला कुपवाड. मी मिरजेची.” मॅडम जराशा हसल्यासारख्या वाटल्या. मग आवाज पुन्हा सरळ झाला. “हे बघ, माझ्याकडे जागा एक आहे. एक मुलगा आधीच विचारून गेलाय. मार्क तुझ्यापेक्षा जास्त आहेत त्याचे, आणि त्यानं काम करूनही आणलंय थोडं. पण तुझा विषय मला आवडला. मला तुझं काम बघायचंय. एकाच रानातले मातीचे दोन नमुने आण. एक मेंढरं बसलेल्या जागेचा, एक न बसलेल्या जागेचा. रान तेच, नांगरट तीच, पाणी तेच. फरक असला तर फक्त मेंढरांचा. दुसरा नमुना नसेल तर पहिल्याला काडीची किंमत नाही. कळतंय ना?”

“कंट्रोल हवा, मॅडम.”

“शाब्बास. दोन्ही नमुने घेऊन ये, माझ्यासमोर प्लेटवर लाव. तुझा हात बघते आणि पत्र देते. पण मुदतीच्या आधी. नंतर माझ्याही हातात काही नाही.”

फोन ठेवल्यावर अपेक्षानं पडलेलं फडकं उचलून पुन्हा धुतलं, आणि मग त्याच बादलीशी बसून ती थोडी रडली. सुखानं रडायची तिला सवय नव्हती, त्यामुळं ते नीट जमलंही नाही.

रविवारी तिनं विटा-दहिवडीवरून जाणारी एसटी धरली आणि दुपारी फलटणला उतरली. तिचे वडील धुळा दडस कालव्यापलीकडं नानासो नावाच्या बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवत होते. ऊस तुटून गेलेला, रान नांगरून टाकलेलं. रोज संध्याकाळी एका तुकड्याभोवती वाघर, म्हणजे जाळी लावायची, मेंढरं आत कोंडायची, सकाळी सोडायची. दुसऱ्या संध्याकाळी वाघर पुढच्या तुकड्यावर. असं करत करत सगळं रान लेंड्यामुतानं भरून द्यायचं आणि मोबदल्याचे दाणे घेऊन पुढच्या शेतकऱ्याकडं जायचं. आता रानाचं एकच टोक राहिलं होतं.

ती पोचली तेव्हा नानासो बांधावर बसून तंबाखू मळत होते आणि धुळा जाळीची गाठ सोडवत होते. आई, बाळाबाई, तीन दगडांच्या चुलीपाशी होती.

“आली गं बया माझी,” आई जागची उठली. “किती वाळल्यास. मावशी जेवाय घालती का न्हाई?”

“घालते गं.” अपेक्षानं पिशवीतून सुतळी आणि काटक्या काढल्या. “आप्पा, जरा काम होतं. मालकांना पण विचारायचं होतं.”

नानासोंनी मान वर केली. “इचार की.”

तिनं सांगितलं. टोकाच्या तुकड्यातली, बाजेएवढ्या रुंदीची एक पट्टी तिला हवी होती. तिथं मेंढरं बसवायची नाहीत. शेजारी बसवायची. मग पुढच्या खेपेला येऊन ती दोन्हीकडची माती साताऱ्याला नेणार होती.

“मातीत काय बगणार हायस?” नानासोंनी विचारलं.

“जिवाणू, काका. डोळ्यांना दिसत नाहीत ते.”

“म्हंजे लेंड्यातलं किडं?” नानासो खदखदून हसले. “धुळा, गड्या, तुजी पोरगी लेंड्यांची डागदर होनार म्हन की!”

“हूं दे की मालक,” धुळा म्हणाले. “मानसांचं डागदर काय कमी हायत? मिरजंला बगा, रस्त्याला डागदर. लेंड्यांची एकटीच असंल.”

सगळे हसले. अपेक्षाही हसली. नानासो मोठ्या मनाचे, पट्टी द्यायला त्यांनी काही का-कू केलं नाही. अपेक्षानं चार कोपऱ्यांना काटक्या रोवल्या आणि सुतळी ताणून बांधली. धुळा शेजारी उभे राहून बघत होते.

“आप्पा, एकबी मेंढरू हितं बसवायचं न्हाई हां. ही अशीच ठेवायची.”

“आन ह्यी शेजारची?”

“तिथं बसवायची. एकीत बसवल्यात, एकीत न्हाईत. दोन्ही मातीची तुलना करायची.”

“तुजी कुठली?”

अपेक्षानं सुतळीची गाठ आवळत सहज म्हटलं, “ही. सुतळीतली.”

“आन तुजी बाई दोन्ही बगनार?”

“व्हय.”

“आन मग तुला घ्यायचं का न्हाई ते ठरवनार?”

“तसंच काहीतरी, आप्पा.”

इथं तिनं थांबून नीट सांगायला हवं होतं. कंट्रोल म्हणजे काय, मोकळी जागा मोकळी का ठेवायची, हे सगळं. तिच्या तोंडावर आलंही होतं. पण उन्हं उतरत होती, परतीची गाडी गाठायची होती. शिवाय वडिलांना शिकवायला बसणं तिला नेहमीच अवघड जायचं. आपण शिकलोय असं दाखवल्यासारखं होतं ते. ‘तसंच काहीतरी’ म्हटलं की काम भागायचं. आजवर भागतही आलं होतं.

मधल्या दिवसांत सांगलीला तिची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मन थाऱ्यावर नव्हतं तरी बरी गेली. एकदा धुळांचा फोन आला.

“तुज्या पट्टीची काळजी करू नगंस,” ते म्हणाले. “म्या सवता बगतुया.”

“कुत्री-बित्री शिरू देऊ नका हां, आप्पा.”

“काय बिशाद हाय कुत्र्याची.”

त्यांच्या आवाजात काहीतरी गंमत लपवल्यासारखं होतं. मुलांना जत्रेहून काही आणलं की ते असंच बोलायचे. अपेक्षानं त्याकडं लक्ष दिलं नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळीच ती फलटणला उतरली. तिथून माती घ्यायची आणि दुपारपर्यंत साताऱ्याला पोचायचं, असं ठरलं होतं. निर्जंतुक केलेल्या पिशव्या, बर्फाचा डबा, चमचे, सगळं तिनं कॉलेजातून मागून आणलं होतं. नानासोंच्या रानात तिच्या घरच्यांची बांधाबांध चालली होती. घोड्यावर भांडी चढली होती. त्यांना त्याच दिवशी पुढच्या रानात जायचं होतं.

धुळा वाट बघत उभेच होते. डोक्याला धुतलेलं मुंडासं होतं.

“ये,” ते म्हणाले. “बग.”

सुतळी जागच्या जागी होती. काटक्याही तिनं रोवल्या तशाच. सुतळीच्या आत माती दिसत नव्हती. लेंड्यांचा काळा, ओलसर थर बसला होता. शेजारच्या पट्टीपेक्षा दुप्पट जाड. खुरांनी तुडवून तुडवून जमीन घोटल्यासारखी झाली होती आणि वास असा उग्र, की नाकात झोंबत होता.

अपेक्षा दोन पावलं मागं सरली. तिला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी उभ्या आहोत. तिनं शेजारची पट्टी बघितली, कालवा बघितला, पुन्हा सुतळी बघितली.

“दोन रात्री बसवली,” धुळा म्हणाले. “कळप न्हवं हां. निसत्या लेकुरवाळ्या मेंढ्या. त्यांस्नी भरड-पेंडीचं आंबोण आसतंय, त्यांची लेंडी लय भारी. वाघर बारकी करून करून आत घातली, सुतळीला धक्का लागू दिला न्हाई. इचार तुज्या आयला.”

“रातचं दोनदा उठलं,” आई कौतुकानं म्हणाली.

“आप्पा,” अपेक्षा म्हणाली, “मी म्हटलं होतं ना, इथं नको म्हणून.”

“म्हनली हुतीस. म्या बी लय इचार केला. म्हनलं, पोर भिडंखातर म्हनती. मालकाचं रान, मालकाचं दानं, आपल्या पोरीसाठनं कुटं मेंढरं बसवा, आसं तुला वाटलं आसंल. म्या मालकाला सांगितलं, ह्या दोन रात्रींचं दानं नगंत, ह्या माज्या पोरीच्या.” ते पट्टीजवळ उकिडवे बसले. “आगं, नानासोच्या पट्टीला मेंढरं, आन माज्या पोरीची पट्टी उपाशी? दोन्ही शेजारी ठिवून बाई बगनार. ती काय म्हनंल? म्हनंल, हिच्या बापाजवळ मेंढरं न्हवती का? जत्रंत दाखवाय न्हेताना मानूस वाळकं बकरं न्हेतो व्हय?”

अपेक्षा खाली बसली.

त्यांच्यावर ओरडावं, असं तिला एक क्षण वाटलं. तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. बारकी वाघर पुन्हा पुन्हा ताणून बोटांना सुतानं चरे पडले होते.

“का गं?” त्यांचा चेहरा उतरू लागला. “कमी पडलं का? आजची रात बी बसवू. मालक न्हाई म्हननार न्हाई.”

“न्हाई आप्पा. लय झालं.”

“मग आशी का बसल्यास?”

“एसटीत उलटी झाली.”

आईनं लगेच पाणी आणलं. धुळा निवांत झाले आणि घोड्याकडं गेले.

दुसरी मोकळी जागा कुठं होती का? तिनं सगळं रान नजरेनं पालथं घातलं. टोकापासून टोकापर्यंत रान भरलेलं होतं, इंचभरही जागा सुटली नव्हती. तिचे वडील काम अर्धं ठेवत नसत. पुढच्या रानात नव्यानं मांडायचं, तर उद्या संध्याकाळी मुदत संपत होती.

नानासो बांधावरून सगळं बघत होते. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पोरी, तुला ती मोकळीच पायजे हुती न्हवं?”

तिनं होय म्हणून मान हलवली.

“म्या म्हनलं त्येला. आरं, पोरीनं न्हाई म्हनलंय तर आसंल कायतरी. आयकतोय व्हय? म्हनला, मालक, तुमास्नी लेकीचं काळीज कळायचं न्हाई.” नानासोंनी पलीकडं बोट केलं. “आसं कर. बांदापल्याड माज्या भावाचं रान हाय. तितं मेंढरू फिरकल्यालं न्हाई. तितली घे मूठभर. माती ती माती. साताऱ्याची बाई काय हितं बगाय येतीया?”

अपेक्षानं शेजारच्या पट्टीतली माती पिशवीत घेतली, वर ‘अ’ लिहिलं. मग ती बांध ओलांडून पलीकडं गेली. तिथं ऊस कधी झालाच नव्हता, ज्वारीचं रान होतं. माती भुरकट, कोरडी, मुरमाड. तिनं दुसरी पिशवी भरली आणि ‘ब’ लिहिलं. कुणी बघत नव्हतं. तरी तिचे कान तापले.

निघताना धुळा फाट्यापर्यंत आले. “माजी पट्टी कुटल्या पिशवीत हाय?” त्यांनी विचारलं.

तिनं ‘अ’ दाखवली. दुसरं काय दाखवणार?

“जड हाय,” ते हातात घेऊन म्हणाले, आणि खूश झाले.

फलटणहून साताऱ्यापर्यंत तिनं बर्फाचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. ‘एकाच रानातली’ असं म्हणायचं, बस्स. दोन शब्द. खरं तर रानं शेजारशेजारचीच, मालक भाऊ-भाऊ. ती मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघत होती. दरवेळी ते थोडं बरं ऐकू येत होतं.

डॉ. माया वाघमारे उंचीनं लहान, केस पांढरे, बोलणं तुटक. त्यांनी तिला हात धुवायला लावले, पांढरा कोट दिला आणि काचेच्या पेटीसमोर बसवलं. त्या पेटीतून निर्जंतुक हवा वाहत होती. सांगलीच्या कॉलेजात अशी एक पेटी होती, पण ती बंद होती, आणि तिच्यावर वह्यांचे गठ्ठे ठेवलेले असायचे. अपेक्षानं ‘अ’मधली माती तोलून पाण्यात मिसळली. त्यातला थेंब दुसऱ्या नळीत, त्यातला तिसऱ्या नळीत, असं करत पातळ केलं आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरलं. मॅडम मागं उभ्या राहून बघत होत्या. तेवढा वेळ अपेक्षा सगळं विसरली. आपल्याला हे येतं, नुसतं येत नाही तर आवडतं, हे तिला तिथं बसल्यावर नीटच कळलं. कळायला नको होतं, तर ते आताच कळलं.

“हात चांगला आहे तुझा,” मॅडम म्हणाल्या. “आता दुसरा.”

तिनं ‘ब’ उघडली. मॅडम पुढं वाकल्या. चमच्यातली भुरकट माती त्यांनी बघितली, मग ‘अ’मधली काळी बघितली. भुरकट माती त्यांनी बोटांत चुरून पाहिली.

“ही एकाच रानातली?”

वाक्य तयार होतं. दोनच शब्द. अपेक्षानं तोंड उघडलं आणि मॅडमकडं बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, संशयानंही बघत नव्हत्या. नुसतं विचारत होत्या, जसं एकमेकांच्या शेजारी काम करणारी माणसं विचारतात.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “बांधापलीकडची आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. पट्टी, सुतळी, दोन रात्री, लेकुरवाळ्या मेंढ्या. सांगताना एकदा तिला हसू आलं, आणि मॅडमनाही येता येता राहिलं.

“वडिलांना सांगितलंस, काय झालं ते?”

“नाही.”

“का?”

“ते दोन रात्री उठत होते, मॅडम,” ती एवढंच म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ त्या कोटाच्या टोकानं काच पुसत राहिल्या.

“खरं सांगितलंस ते चांगलं केलंस,” शेवटी त्या म्हणाल्या. “नसतं सांगितलंस तर आठ दिवसांनी प्लेटनं सांगितलं असतं. पण अपेक्षा, मी पत्र कशावर देऊ? त्या मुलाचं काम माझ्या टेबलावर आहे. नीट केलंय त्यानं. त्याला नाही म्हणायला माझ्याकडं कारण काय? मुलगी खरं बोलली, हे कारण मला लिहिता येत नाही.”

“नाही मॅडम. बरोबर आहे.”

“पुढच्या वर्षी...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “शेवटचं वर्ष ना तुझं?”

“हो.”

अपेक्षाला वाटलं, आता त्या आणखी काहीतरी म्हणतील. मोठी माणसं असं अडल्यावर कुठलातरी आडमार्ग काढतात, असं तिनं ऐकलं होतं. मॅडमही तो शोधत असाव्यात, कारण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पण आडमार्ग नव्हता, किंवा असला तरी त्या मार्गानं जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

“दुसऱ्या प्लेटा लावू का?” अपेक्षानं विचारलं.

“लाव. सुरू केलेलं पुरं कर.”

तिनं दुसऱ्या प्लेटाही लावल्या, तितक्याच नीट. झाकणावर नाव घालताना ‘ब’ न लिहिता तिनं ‘बांधापलीकडची’ असं लिहिलं. त्या कुणी मोजणार नव्हतं. मॅडमनी चहा विचारला. एसटी चुकेल असं सांगून ती निघाली. खरं तर एसटीला अजून अवकाश होता. साताऱ्याच्या स्टँडवर ती बाकड्यावर बसून राहिली आणि समोरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिली.

परीक्षा संपली आणि पुढच्याच आठवड्यात ती मावशीबरोबर कारखान्यात जाऊ लागली. बाळासो खरंच चांगला माणूस होता. त्यानं तिला खिडकीजवळची जागा दिली. पट्ट्यावरून मिरचीपुडीची पाकिटं सरकत यायची. फुटलेलं, फुगलेलं, कमी भरलेलं पाकीट बाजूला काढायचं. पहिले काही दिवस शिंका थांबत नव्हत्या. मावशी म्हणाली, “हूतंय सवयीचं,” आणि झालंही.

इंटर्नशिपचं घरून विचारलं की ती म्हणायची, “कळवणार हायत.” कुणाला ते खोटं वाटलं नाही. सरकारी कामाला वेळ लागतो, हे मेंढपाळांना सांगावं लागत नाही.

एका दुपारी जेवणाच्या सुटीत धुळांचा फोन आला. मागं मेंढरांचा गलका होता, म्हणजे रान बदललं होतं.

“अपे, कळीवलं का गं बाईनी?”

“अजून न्हाई, आप्पा.”

“माती आवडली का न्हाई तेवडं तरी म्हनली आसंल की.”

अपेक्षानं पोळीचा तुकडा डब्यात ठेवला. शेजारी मावशी मिरचीनं लाल झालेली बोटं पदराला पुसत होती आणि तिच्याकडं बघत होती. मावशीला सगळं माहीत होतं.

“आवडली,” अपेक्षा म्हणाली. “म्हणाल्या, असली माती बघितली नव्हती.”

“म्हनलं न्हवतं!” ते तिकडं कुणाला तरी ओरडून सांगू लागले, बहुतेक आईला. मग पुन्हा फोनवर आले. “मग हे बग, म्या काय म्हनतो. आजून मागवली, तर आपल्याजवळ आसाय पायजे. हितला मालक बी भला हाय. त्येला इचारून एक पट्टी धरल्या. लेकुरवाळ्याच बसवतो. ह्या खेपेला तीन रात्री. बसवू न्हवं?”

आता सांगता आलं असतं. मोकळी ठेवा, आप्पा. मोकळी ठेवायची असते, म्हणून सांगितलं होतं. तीन-चार वाक्यांत झालं असतं. आणि मग ते तिकडं रानात फोन कानाला लावून उभे राहिले असते, आणि त्यांना सगळं उलट्या क्रमानं उमगत गेलं असतं, त्या दोन रात्रींपर्यंत.

भोंगा झाला. बायका डबे झाकून उठू लागल्या.

“बसवा, आप्पा,” ती म्हणाली.